सोमवारची मापं

दिनू, तो वाद मी जिंकलो. एवढं एकच तुला कळवायचं म्हणून कागद पुढं ओढला, आणि आता पुढं काय लिहावं ते सुचत नाही. हरेल त्यानं उंब्रजच्या स्टँडवर गरम भजी खिलवायची असं आपलं ठरलं होतं. तू गेलास भाद्रपदात आणि मी जिंकलो दसऱ्यानंतर. आता ती भजी मी कुणाबरोबर खाऊ?

वाद तसा किरकोळच होता. शाळेतली पोरं दर सोमवारी सकाळी गावातल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलंय ते मोजायची, आकडे फळ्यावर लिहायची, शनिवारी ते आकडे कॉम्प्युटरात भरायची आणि मग फळा पुसायची, ही तुझी रीत. मी म्हणायचो, पुसायच्या आधी एका वहीत उतरवून ठेव बाबा. तू म्हणायचास, "आरं पंडिता, वही आली की पोरं मशीनवर भरायचा कटाळा करत्यात. आन् वहीला वाळवी लागती, फ्लॉपीला लागत न्हाई." मी म्हणायचो, वाळवी लागलेल्या वहीतली निम्मी पानं तरी वाचता येतात. मग तू माझ्या वाईच्या मराठीची नक्कल करायचास, मी तुझ्या 'न्हाई'ची करायचो, घंटा व्हायची, आणि वाद उद्यावर जायचा. शिक्षकांच्या खोलीतली सगळी माणसं आपल्याला कंटाळली होती. आता त्या खोलीत मधल्या सुट्टीत सगळे हळू आवाजात बोलतात, आणि मला त्याचाच राग येतो.

तू मला पंडित म्हणायचास, कारण मी मराठी शिकवतो आणि विहिरीत डोकावायला घाबरतो. दोन्ही खरं होतं.

ते मशीन आलं तो दिवस आठवतो का तुला? मुंबईला नोकरीला गेलेली गावची माणसं दरवर्षी शाळेला काहीबाही द्यायची, कधी भिंतीवरचं घड्याळ, कधी पाण्याची टाकी. त्या वर्षी कुणाच्या तरी ऑफिसातून जुना कॉम्प्युटर निघाला होता, तो गोधडीत गुंडाळून ट्रकनं आला. हेडसरांनी भूगोलाची खोली त्याच्यासाठी रिकामी केली, खिडक्यांना पडदे शिवून घेतले आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. नारळ फुटला, पेढे वाटले. पोरं रांगेनं आत जायची, हात जोडायची आणि पाठ न दाखवता बाहेर यायची. तू कोपऱ्यात दातओठ खात उभा होतास. "ह्यो काय गणपती बसवलाय व्हय?" असं माझ्या कानात म्हणालास. मी म्हणालो, विसर्जन कधी आहे तेवढं सांग. त्यावर तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि फटफटीवर मला मागे न घेताच घरी गेलास. मी उंब्रजपर्यंत चालत आलो.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तू रोज एसटीनं साताऱ्याला जाऊन मशीन शिकून आलास. शेतात ऊस उभा, पाण्याच्या पाळ्या चालू, घरी आई कुरकुर करतेय, आणि तू दप्तर घेऊन साताऱ्याला. मंगलवहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, ह्यास्नी समजवा की वो, पोरासारकं दप्तर घिऊन जात्यात." मी समजवायला गेलो आणि तासभर तुझंच ऐकून परत आलो. दोन आडव्या-उभ्या रेघांमध्ये आकडे मांडले की पडद्यावर हिरवी रेघ कशी वर-खाली जाते, ते तू मातीत काडीनं काढून दाखवत होतास. मला रेघ दिसली नाही. तुझा चेहरा दिसला.

मला वाटलं होतं, आता तू पोरांना इंग्रजी अक्षरं बडवायला लावणार. तू विचारलंस, "ह्या मशीनला खायला काय घालायचं?" आणि स्वतःच उत्तर दिलंस, की पुस्तकातले आकडे घालायचे नाहीत, गावातले घालायचे. गावात मोजण्यासारखं काय आहे असं आठवीच्या वर्गाला विचारलंस. कुणी म्हणालं ऊस, कुणी म्हणालं म्हशीचं दूध. शालन म्हणाली, "सर, पाणी." ती का म्हणाली ते तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. वैशाखात सकाळची शाळा असते तेव्हा शालन निम्मे दिवस येत नाही. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर तळाला जाते, आणि ती आईबरोबर घागर घेऊन मळ्यामळ्यातून हिंडत असते. हजेरीत मी तिच्यापुढं गैरहजेरीची खूण करत होतो आणि तू तिच्या प्रश्नावर वर्षाचा अभ्यास उभा केलास. तुझं हे मला कधी जमलं नाही.

दिवाळीनंतर मापं सुरू झाली. ज्याच्या मळ्यात विहीर, त्याच्याकडे ती विहीर. काठावर गेरूनं एक खूण करायची आणि तिथूनच दोरी सोडायची. दोरीला फुटाफुटावर गाठ, आणि टोकाला तुपाचं रिकामं डबडं उपडं बांधलेलं. डबडं पाण्याला टेकलं की 'डुब' असा आवाज येतो. तो आला की दोरी धरायची आणि गाठी मोजायच्या. तू मला जबरदस्तीनं एका विहिरीवर नेलंस. मी काठापासून लांब उभा राहून दोरी सोडली, आणि आवाज आला तेव्हा, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी पोरांना 'विहिरीचे मनोगत' लिहायला सांगत होतो, आणि विहिरीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला होता.

त्या वर्षी निबंधही बदलले, हे मी तुला कधी तोंडावर कबूल केलं नाही. गाइडातली विहीर म्हणायची, मी तहानलेल्यांची तहान भागवते. आपल्या पोरांची विहीर म्हणायची, सोमवारी चव्हाणांची मोटार रात्रभर चालली आणि मी दोन गाठी खाली गेले. मी लाल शाईचं पेन हातात धरून बसलो, आणि काय दुरुस्त करावं ते कळेना. तुला ते दाखवायला हवं होतं. मी फक्त "बरे लिहितात" एवढंच म्हणालो.

मोटार चालू व्हायच्या आधी मोजायचं, हा तुझा नियम. लाईट केव्हा येईल त्याचा नेम नाही, म्हणून पोरं अंधार सरायच्या सुमारास बांधावर. बापांनी तक्रारी केल्या. तू त्यांच्या दारात जाऊन चहा प्यालास आणि तक्रार मिटवून आलास. दुसरा नियम याहून कडक होता: अंदाज लिहायचा नाही. एकदा अवकाळी पावसाच्या चिखलात एकानं घरी बसूनच आकडा ठोकला. तू फळ्यावरचा आकडा बघितलास, त्याच्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालास, "चिखल कुठाय रं?" पोरगं खाली मान घालून दोरी घेऊन गेलं. वर्ग हसला, तू हसला नाहीस. मी म्हणालो, अरे, एका आकड्यानं काय बिघडतं. तू म्हणालास, "एक खोटा घुसला की बाकीच्यांवर इस्वास कसा ठेवायचा, सांग की मला."

आणि मग उन्हाळा आला आणि तुझ्या त्या हिरव्या रेघा बोलायला लागल्या. माळाकडच्या विहिरी चैत्रात एकदम तळाला गेल्या. एकीची मोटार चालली की शेजारची उतरायची, म्हणजे खालून त्यांच्या वाटा एकच. ओढ्याकाठच्या दोन जुन्या विहिरी मात्र वैशाखातही फारशा हलल्या नाहीत, कुणाचीही मोटार चालो. तू त्या दिवशी भूगोलाच्या खोलीतून पळत बाहेर आलास, चपला न घालता. "पंडिता, पानी हाय गावात. आपन चुकीच्या जागी हुडकतोय."

गावची नवी विहीर कुठं पाडायची हे येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरणार आहे. आबा सरपंच आपल्याकडे आले होते, आठवतं? पंखा बिघडलेला, खोलीत उकाडा, आणि ते पडद्यावरच्या रेघांकडे बघत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, ह्यातलं मला कळंना. पर पोरांनी मोजलंय म्हन्ता न्हवं? मग तक्ता करून आना. सगळ्यांम्होरं मांडा. तक्ता आला तर आमी ऐकू. न्हाईतर पानाड्या हायच." पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा धरून माळावरच्या देवळामागची जागा आधीच दाखवून ठेवली होती. तू आबांना पोचवायला फाटकापर्यंत गेलास आणि परत येताना शालनच्या डोक्यावर हात ठेवलास. ती म्हणाली, "सर, मग पुढल्या वैशाखात मी शाळंत येनार." तू "व्हय" म्हणालास. मी तिथंच होतो, मी तुझा 'व्हय' ऐकलाय.

आता थोडं भांडतो तुझ्याशी. एरवी कधी भांडणार?

कॉम्प्युटरला देव करू नका असं तू साऱ्या शाळेला सांगत फिरलास. पण त्या मशीनच्या पोटात साठवायची सोयच नव्हती. सगळं त्या काळ्या चौकोनी फ्लॉप्यांवर. एक घातली की मशीन जागं व्हायचं, दुसरीवर पोरांचे आकडे, आणि तिसरी म्हणजे दुसरीची नक्कल, एक बिघडली तर असावी म्हणून. या तिन्ही फ्लॉप्या तू कुणाच्या हातात दिल्या नाहीस. घालायची तू, काढायची तू, कागदी पाकिटात सरकवून कपाटात ठेवायची तू. पोरांनी फक्त आकडे दाबायचे. म्हणजे, दिनू, गाभाऱ्यात तूच एकटा जात होतास. मागच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा तू पेटीवर फूल ठेवू दिलंस, आणि फ्लॉप्या मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेलास. का नेल्यास ते बोलला नाहीस. मला वाटलं, तुझं काहीतरी खूळ. एका वाक्यात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तूही काय करणार म्हणा. तुला कुठं ठाऊक होतं.

भाद्रपदात तू पिवळा पडलास. आधी गावठी औषध झालं, मग कराड झालं, मग जीपमध्ये आडवा घालून मिरजेला नेलं. मी रविवारी आलो होतो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तू तरी चेष्टाच करत होतास, "बघ, नवरदेव झालोय." मंगलवहिनी तोंड फिरवून खिडकीशी गेल्या. तू मला जवळ बोलावून विचारलंस, की ती एक विहीर पुन्हा मोजायला सांगितली होती, ती मोजली का. शाळेत आलास त्या शेवटच्या सोमवारी, अंगात ताप असताना, एका आकड्यापुढं तू खडूनं 'पुन्हा मोज' असं लिहिलं होतंस. मी म्हणालो, बरा होऊन ये आणि तूच बघ. तू म्हणालास, "तुला मशीन चालू करायचं दावतो, ध्यान दे. पयली फ्लॉपी खालच्या खणात न्हाई, वरच्या..." आणि तुला खोकला आला. मी म्हणालो, राहू दे, इथं काय मशीन आहे का, शाळेत दाखव. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. तू हात वर केलास तो निरोपाचा होता की फ्लॉपी कशी धरायची ते दाखवत होतास, हे मला अजून कळलेलं नाही.

परत येताना मी मिरजेत तंबोरेवाल्यांच्या गल्लीतून चालत स्टेशनला गेलो. एका दुकानात कुणी तार लावत होतं, पुन्हा पुन्हा तीच एक तार. तुला विज्ञानातला ध्वनीचा धडा इथं आणून शिकवायचा होता, पोरांचे हात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवून. हेडसर परवानगी देईनात आणि तू त्यांना सोडीनास. मी दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो. मला वाटलं, बरा झालास की या एका बाबतीत तरी मी तुझ्या बाजूनं बोलेन. बुधवारी निरोप आला.

तेरावं झालं, मग सहामाही आली, मापं बंद पडली. भूगोलाच्या खोलीला कुलूप लागलं. फळ्यावर तो शेवटचा सोमवार तसाच राहिला, तुझ्या 'पुन्हा मोज'सकट. मशीनची जबाबदारी कोण घेणार असं हेडसरांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. मला ते मशीन चालू करता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

नवरात्र संपता संपता मी घरी वाईला गेलो. इकडे खंडेनवमीला नववीची पोरं हेडसरांकडे गेली आणि म्हणाली, "सरांच्या मशीनची पूजा आमी करनार." हेडसरांचे डोळे भरून आले. त्यांनी किल्ल्या दिल्या, खोलीची आणि कपाटाचीही. पोरांनी खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली. झेंडूच्या माळा केल्या. मशीनवर हार घातला. आणि मग कुणाला तरी आठवलं, की सर ज्याला कुणाला हात लावू देत नसत ते तर कपाटात आहे. खरं हत्यार ते. मग ती तिन्ही बाहेर काढली, पाकिटातून सोडवली, कारण झाकल्या देवाची पूजा कशी करायची? पाटावर मांडली. फ्लॉपीला मधे लांबट खिडकी असते, तिथून आतली चकती उघडी दिसते. हळदीकुंकवाचं बोट लावायला तेवढीच जागा. पोरांनी एकेकानं पुढं होऊन, अगदी नेमकं तिथंच, हळद लावली, कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. नमस्कार केला. मग पुसून, पुन्हा पाकिटात घालून, होती तशी कपाटात ठेवली. हे सगळं मला हेडसरांनी सांगितलं, कौतुकानं. मी तिथं असतो तर मीही बोट लावलं असतं.

दसऱ्यानंतर कराडहून एक कॉम्प्युटरवाला बोलावला, तक्ता छापून घ्यायचा म्हणून. त्यानं पहिली फ्लॉपी घातली, मशीन गुरगुरलं आणि थांबलं. त्यानं ती काढून उजेडात धरली, नखानं खरवडली, फुंकर मारली. पिवळी धूळ उडाली. मग दुसरी बघितली, तिसरी बघितली. माणूस चांगला होता, ओरडला नाही. "सर, चकतीवर हळद बसलीय, वर पाण्यानं चिकटलीय, पुसताना चरे पडलेत. आता यातनं काही निघायचं नाही." मी विचारलं, नक्कल आहे ना. तो म्हणाला, "नक्कल तीच न्हवं का, तिसरी?" त्यानं जायच्या आधी मशीनच्या पेटीवरचा सुकलेला हार काढून माझ्या हातात दिला.

अशी मी पैज जिंकली. एक वही असती तर. पण हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता मला वहीचाच राग येतो.

पोरांना मी सांगितलं, मशीन बिघडलं, आकडे गेले. कशानं ते सांगितलं नाही. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, आपन परत लिवू की. मला माझ्या हिरीचं ध्यानात हाय, वैशाखात लय खाली हुती." दुसरा म्हणाला, आमची वीस गाठी असेल. तिसरा म्हणाला, पंचवीस लिव. सगळी उत्साहानं बोलायला लागली. खडू हातात घेऊन मी उभा होतो आणि मला एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे ते सगळे आकडे लिहून घ्यायचे. कोण विचारणार होतं? सरपंचांना रेघा कळत नाहीत. आणि पोरं सांगत होती ते साधारण खरंच असणार. पण मला तुझा तो "चिखल कुठाय रं" ऐकू आला. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, अंदाज लिहायचा नाही. पोरांचे चेहरे पडले. ती माझ्यावर चिडली असतील. तुझ्यावर चिडली नसती.

परत मोजावं म्हटलं, तर आता विहिरी तुडुंब आहेत. यंदाचा वैशाख कुणी परत आणून देणार नाही, आणि पुढचा येईपर्यंत माळावर विहीर खणून झालेली असेल. मी आबांकडे गेलो, जमेल तसं बोललो. दिनकर सर ओढ्याकाठी पाणी आहे म्हणायचे, असं म्हणालो. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवं मास्तर, त्यांच्यासारका मानूस न्हाई. आमी काय तुमच्या इरोधात न्हाई. पर गावाम्होरं मी काय दावू? म्हनायचे, म्हनून कसं चालंल? नव्या हिरीला त्यांचं नाव दिऊ, मी शबूद देतो." मी मान हलवली. माळावरच्या त्या विहिरीला तुझं नाव लागेल, दिनू, आणि चैत्रात ती कोरडी पडेल. तुझ्या नावाच्या विहिरीत डोकावून बायका परत फिरतील. हे थांबवायला माझ्याकडे काही नाही. नुसती तुझी आठवण आहे, आणि तिच्यावर गाव हळदकुंकूच वाहणार.

परवा संध्याकाळी भूगोलाच्या खोलीत एकटाच बसलो होतो. फळा अजून तसाच आहे. त्या शेवटच्या सोमवारचे आकडे, सगळ्या विहिरी भरलेल्या असतानाचे, त्यांचा कुणाला काही उपयोग नाही. मी डस्टर हातात घेतला होता आणि खाली ठेवला होता. तेवढ्यात शालन दारात आली. चपला बाहेर काढल्या, अजून तो नियम आहे. सोमवारी परत मोजायला सुरुवात करू का, म्हणून विचारायला आली होती. मी हो म्हणालो. फळ्यावर जागा कुठं करू, म्हणाली. मी म्हणालो, बघू.

ती जाईना. पदराशी खेळावं तशी ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, त्या कराडच्या मानसानं फुंकर मारली तवा पिवळं उडालं. मी खिडकीतनं बघितलं."

मी फळ्याखालचा डस्टर उगाच सरळ केला.

"हळद आमीच लावली. पयलं बोट माझं हुतं. मी कुणाला सांगितलं न्हाई, बाकीच्यास्नी म्हाईत न्हाई." मग तिनं फळ्याकडे बघितलं, तुझ्या अक्षराकडे. "सर, सरांचं सगळं आमच्यामुळं गेलं का?"

मी टेबलावर खडू शोधत राहिलो, खडू समोरच होता. थोड्या वेळानं म्हणालो, अंधार पडतोय, घरी जा. ती गेली. चपला घालताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं.

तू असतास तर तिच्याशी खोटं बोलला नसतास. आणि ती रडत घरीही गेली नसती. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते तुला येत होतं. मशीन शिकायला मी कराडला जाईनही, वही तर विकत आणून ठेवलीच आहे. पण हे मला कोण शिकवणार होतं तुझ्याशिवाय?

उद्या सोमवार. मोटारी चालू व्हायच्या आधी ती दोरी आणि डबडं घेऊन फाटकाशी उभी असेल, आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे, काठाशी, अगदी वाकून. वाटेत ती परत विचारील. तिला काय सांगू, दिनू?